बाजरीच्या पोत्यावर कुणी ‘हाय प्रोटीन’ छापत नाही

भोंगवली आणि पंचक्रोशीतल्या आयाबायांनो, बापयांनो आणि भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोरापोरींनो,

१२ प्रोटीन बारचा एक खोका, ७२० रुपये. आपल्याकडे बाईला खुरपणीची मजुरी ३०० रुपये मिळते. म्हणजे दोन दिवस उन्हात वाकून काढायचे आणि तिसऱ्या दिवशीही जेवणाच्या सुट्टीपर्यंत राबायचं, तेव्हा एक खोका घरी येतो. आपल्याच भागातल्या एका शाळेच्या पटांगणात ‘आरोग्य मार्गदर्शन’ या नावाखाली हे खोके आयांच्या गळ्यात मारले गेले. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना दोन हप्ते करून दिले. त्याआधी पाऊण तास त्यांना ऐकवलं की तुमच्या पोरांच्या डब्यात प्रोटीन नाही, भाकरीनं नुसतं पोट भरतं, उसळीतलं प्रोटीन अर्धवट असतं. माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या एका माउलीनं मान खाली घातली. तिच्या पिशवीत पोराचा डबा होता. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. तिला त्या डब्याची लाज वाटली. पैसे गेले ते गेले, पण ती लाज मला सहन होत नाही, म्हणून हे पत्रक.

आपल्याला लुबाडलं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मला बोलायचंय ते एकाच गोष्टीवर, पाकिटाच्या पुढच्या बाजूला ठळक छापलेल्या ‘प्रोटीन’ या शब्दावर. तो शब्द वाचून खाण्याची किंमत ठरवायची, ही जी सवय आपल्याला लावली जातेय, तिच्यावर.

आधी त्या डब्याचा हिशेब करू. एका भाकरीला साधारण ६० ग्रॅम पीठ लागतं. बाजरीत १०० ग्रॅमला जवळजवळ ११ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणजे भाकरीत साडेसहा ग्रॅम आलं. ३० ग्रॅम कोरड्या मटकीतून सहा ग्रॅम, १५ ग्रॅम दाण्यांतून साडेतीन. झाले १६ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला २३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. ज्या डब्याची लाज वाटायला लावली, त्या एका डब्यात दिवसाच्या गरजेचा दोन तृतीयांश वाटा होता. सकाळचं दूध आणि रात्रीची आमटी अजून धरलेलीच नाही.

आता पाकिटाकडे या. खाद्यपदार्थांच्या दाव्यांबद्दल २०१८ चे केंद्रीय नियम आहेत. घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये प्रौढाच्या दिवसाच्या गरजेच्या २० टक्के प्रोटीन असलं की ‘हाय प्रोटीन’ म्हणता येतं. ६५ किलोच्या पुरुषाची गरज ५४ ग्रॅम, तिचे २० टक्के म्हणजे १०.८ ग्रॅम. हिशेब १०० ग्रॅमचा आणि बार बहुतेक वेळा ३० किंवा ४० ग्रॅमचा! ३० ग्रॅमच्या बारमध्ये ३.२४ ग्रॅम प्रोटीन असलं तरी त्याच्यावर ‘हाय प्रोटीन’ कायदेशीरपणे छापता येतं. ३.२४ ग्रॅम म्हणजे साधारण अर्ध्या अंड्याएवढं. आणि आपली बाजरी? ११ ग्रॅम. तीही याच कसोटीला उतरते. पण बाजरीच्या पोत्यावर असं कुणी छापत नाही, कारण बाजरी विकायला कुणाला लाजवावं लागत नाही.

सगळे बार इतके हलके नसतात, हे मला मान्य आहे. चांगला बार धरू. समजा वजन ४० ग्रॅम, प्रोटीन १० ग्रॅम, कॅलरी १८०. एक ग्रॅम प्रोटीनच्या चार कॅलरी होतात. म्हणजे १८० पैकी ४० कॅलरी प्रोटीनच्या, उरलेल्या १४० साखर, पिठूळ पदार्थ आणि तेल-तुपाच्या. ज्याच्यातल्या पाऊणहून जास्त कॅलरी दुसऱ्याच कशाच्या आहेत, त्याला प्रोटीनचं नाव! दुकानदारानं पाऊण पोतं कोंडा भरून वर तांदळाची चिठ्ठी लावली असती तर आपण त्याला गावात उभं केलं असतं का? तेवढंच प्रोटीन ४५ ग्रॅम फुटाण्यांत मिळतं. दीडशे रुपये किलोचे फुटाणे धरा, सात रुपयेही होत नाहीत.

मागची बाजू उलटून पाहायची म्हटलं तर ती इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. तरी पाहा, नाहीतर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे असा नियम आहे, जे जास्त ते आधी. म्हणून साखरेची वाटणी करतात. थोडी ग्लुकोज सिरपच्या नावानं, थोडी इन्व्हर्ट सिरपच्या, थोडी खजुराच्या पेस्टच्या, वर माल्टोडेक्स्ट्रिन. चार नावांत वाटली की एकही नाव पहिलं येत नाही, आणि दाणे किंवा सोया वर दिसतात. ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेल्या बारमध्ये पुष्कळदा माल्टिटॉलसारखा पदार्थ असतो. तो जास्त पोटात गेला की पोट फुगतं, जुलाब होतात. भरतीच्या मैदानावर १६०० मीटर पळायच्या सकाळी हे खाऊन बघा!

आणि तो १० ग्रॅमचा आकडा येतो कुठून? प्रयोगशाळेत साधारणपणे नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. योहान केल्डाल या डॅनिश शास्त्रज्ञानं १८८३ साली नायट्रोजन मोजायची ही रीत काढली, आजही ती वापरतात. पण नायट्रोजन कशाचा हे तिला कळत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळून हाच आकडा फुगवला होता. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली, सहा बाळं गेली. आपल्या बारमध्ये मेलामाइन आहे असं मी अजिबात म्हणत नाही. आकडा वाढला म्हणजे अन्न चांगलं झालं असं नाही, एवढंच म्हणतो. जिलेटिन किंवा कोलॅजेन घातलं तरी आकडा वाढतो. पण शरीराला लागणारं ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल त्यात मुळीच नसतं. तरीही हे बार विकणारे लोक आपल्या मटकीला अर्धवट म्हणणार.

त्या ‘अर्धवट’चं उत्तर द्यायलाच हवं, कारण सर्वांत जास्त चीड त्याचीच येते. धान्यात लायसिन कमी असतं, कडधान्यात ते भरपूर. कडधान्यात मेथिओनिन कमी, धान्यात ते पुरेसं. भाकरी-उसळ, वरण-भात, खिचडी, ताटात दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. अंड्या-दुधाचं प्रोटीन याहून चांगलं पचतं हे खरं. मग पोराला अंडं द्या, कपभर दूध द्या. त्यासाठी साठ रुपयांचं पाकीट कशाला?

‘पाकिटावर सरकारी नंबर आहे’ असंही परवा एकजण मला ठणकावून सांगत होता. तो १४ आकडी नंबर कारखान्याचा परवाना आहे. फरसाणालाही असतो, थंड पेयालाही असतो. तो पौष्टिकपणाचा दाखला नव्हे. ‘शिरवळला पहाटेच्या शिफ्टला जायचं, उसळ कधी शिजवायची?’ हा प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. तुमची दगदग मला माहीत आहे. पण मूठभर दाणे-फुटाणे आणि गुळाचा खडा खिशात टाकायला चूल पेटवावी लागत नाही. चिक्कीच हवी तर चिक्की घ्या. तिच्यात गूळ आहे हे तिच्या नावातच कळतं, ती स्वतःला औषध म्हणवून घेत नाही.

प्रोटीनची ही हाकाटी नवी नाही. सारोळ्याच्या पुलावरून नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, हे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत १९७० पर्यंत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. तेव्हा जगभर ‘प्रोटीनची दरी’ हा शब्द गाजत होता. गरीब देशांसाठी प्रोटीनची पिठं आणि पूरक खाद्यं बनवायच्या योजना निघत होत्या. सुखात्म्यांनी आहाराच्या पाहण्या तपासून दाखवलं की ज्यांना प्रोटीन कमी पडतं, त्यांना बहुतेक करून पोटभर अन्नच कमी पडतं. नेहमीचं धान्य-कडधान्याचं जेवण पोटभर मिळालं की त्यांच्यातल्या बहुतेकांचं प्रोटीन त्यातूनच भागतं. पुढे १९७४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड मॅक्लारेन यांनी त्या साऱ्या खटाटोपाला ‘प्रोटीनचा महाफज्जा’ असंच म्हटलं. पन्नास वर्षांपूर्वी फसलेली गोष्ट चकचकीत कागदात गुंडाळून परत आली आहे, यावेळी आपल्याच खर्चानं.

आपल्या पोरांना खरंच काय कमी पडतंय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानानं खुजी. त्या पटांगणात पाऊण तासात लोहाचा शब्द निघाला नाही, जंताच्या गोळीचा नाही, पालेभाजीचा नाही. ते खोक्यात भरून विकता येत नाही ना!

भरतीच्या पोरांनो, तुम्ही जास्त घाम गाळता, तुम्हाला जास्त लागतं, हे बरोबर. ते आधी ताटातून वाढवा. दोन अंडी, वाटीभर जास्त उसळ, ताक, दूध. २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेनं प्रोटीनच्या पुड्यांपासून लांब राहायला सांगितलं आहे, हे तुमच्या मैदानावर कुणी सांगितलं का? घरच्यांनी व्याजानं पैसे काढावेत आणि तुम्ही पुड्या फोडाव्यात, हे मला बघवत नाही.

आता काय करायचं ते सांगतो. शाळेत मुलांच्या खाण्याबद्दल २०२० चे केंद्रीय नियम आहेत. साखर, मीठ किंवा संपृक्त चरबी जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. येत्या ग्रामसभेत तीन मागण्या मांडू या. शाळेच्या पटांगणात कोणत्याही खाद्यपदार्थाची विक्री नको. आरोग्याच्या नावाखाली भरणारं शिबिर आरोग्य केंद्राच्या माणसाशिवाय नको. हप्त्यानं दिलेल्या खोक्यांचे उरलेले हप्ते कुणीही भरायचे नाहीत, न फोडलेले खोके परत घ्यायला लावायचे.

येताना घरातली रिकामी पाकिटं सोबत आणा. फेकली असतील तर उकिरड्यावरून उचलून आणा. सातवीतल्या पोरीला उभं करू आणि सगळ्यांसमोर मागची बाजू मोठ्यानं वाचायला लावू. आणि ती डब्याची पिशवी घेतलेली माउली, तिनं पहिल्या रांगेत बसावं.