मोठी बॅटरी भरलेली, गाडी मात्र ठप्प

नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळाजवळ आत्याच्या अंगणात आमची प्लग-इन हायब्रिड आठवडाभर उभी होती. सकाळी आत्याला डायलिसिसला न्यायचं, तर दारच उघडेना. मोठी बॅटरी भरलेली. पण तिला गाडीशी जोडणारे रिले, दारं, संगणक चालतात साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर. तीच बसलेली!

रिमोटमध्ये लपलेल्या किल्लीने दार उघडलं. शेजारच्या काकांच्या गाडीवरून जंप केबल: लाल धन टोकाला, काळीचं शेवटचं टोक आमच्या गाडीच्या उघड्या धातूला. ‘रेडी’ दिसलं आणि आत्या वेळेत पोचली. ‘रेडी’त असताना मोठी बॅटरीच कन्व्हर्टरमधून छोटीला भरते.

काही गाड्यांत छोटी बॅटरी डिकीत, आणि डिकी उघडते विजेवर! तेव्हा बॉनेटखालचं जंपचं टोक मॅन्युअलमध्ये आजच शोधा.