मुलांच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें?

दरवर्षीं बक्षीस-समारंभाच्या दिवशीं आमच्या विद्यार्थ्यांच्या हातीं नवीं पुस्तकें पडतात. नाताळांत पालकही तीं हौसेनें विकत घेतात. चारित्र्य बनविणाऱ्या ह्या ख्रिस्ती पुस्तकांची निवड कशी व्हावी, ह्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

मागें एकदां आम्हीं एका बारा वर्षांच्या विद्यार्थ्यास एक नीतिपर कथासंग्रह वाचावयास दिला. आठ दिवसांनीं त्यानें तो परत आणला. "आवडला कां?" असें विचारतां तो संकोचून म्हणाला, "सर, ह्यांतला मुलगा एकदांही चुकत नाहीं. मी तर रोज चुकतों." पुस्तक आम्हींच निवडलें होतें, मुलाचा अभिप्राय मात्र बरोबर होता.

ज्या गोष्टींत खरें बोलणाऱ्यास लागलीच बक्षीस मिळतें आणि खोटें बोलणारा तिसऱ्या पानावर विहिरींत पडतो, त्या लिहिणाऱ्याचा हेतु चांगला असतो. परंतु वर्गांत मुलास निराळाच अनुभव येतो. नक्कल करणारा कधीं कधीं वरच्या नंबरानें पास होतो आणि खरें सांगणाऱ्यास शिक्षा होते. मग तो पुस्तकास खोटें ठरवितो, व त्याबरोबर सद्गुणासही. नाहीं तर पुस्तकांतल्या मुलाचें सोंग घेण्यास तो शिकतो. हा दुसरा परिणाम पहिल्याहूनही वाईट होय.

पवित्र शास्त्राची रीत अशी नाहीं. दावीद राजाचें पाप किंवा पेत्रानें तीन वेळां केलेला नकार त्यांत झांकलेला नाहीं. संत ऑगस्तीननें आपल्या आत्मनिवेदनांत सोळाव्या वर्षीं केलेली नासपतींची चोरी सांगितली आहे. भूक नसतां, केवळ सोबत्यांच्या नादानें फळें चोरलीं व डुकरांपुढें टाकलीं, असें तो कबूल करितो. हें वाचतांना कोणत्या मुलास शेजाऱ्याच्या वाडींतल्या कैऱ्या आठवणार नाहींत? बन्यनच्या १६७८ सालच्या ग्रंथांतला यात्रेकरूही आरंभींच चिखलांत रुततो. हा ग्रंथ हरि केशवजी ह्यांनीं १८४१ सालीं 'यात्रिकक्रमण' ह्या नांवानें मराठींत आणला.

चरित्रांचीही अशीच निवड व्हावी. विल्यम केरी हा मूळचा जोडे शिवणारा. त्यानें बंगालमध्यें सेरामपूर येथें राहून १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. १८१२ सालीं छापखान्यास आग लागून अनेक वर्षांचीं हस्तलिखितें जळालीं, तेव्हां त्यानें तें काम पुनः आरंभिलें. मोठ्या मुलांस लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' अवश्य द्यावीं. रेव्हरंड टिळकांचा तापटपणा व स्वतःचा हट्ट त्यांनीं हंसत हंसत सांगितला आहे, म्हणूनच त्यांची श्रद्धा वाचकास खरी वाटते.

कोणी म्हणतील, दोष वाचून मुलें दोषच शिकतील. नुसता दोष रंगविणारें पुस्तक आम्हीही देणार नाहीं. पडल्यावर मनुष्य उठला कसा, क्षमा मागितली कशी, झालेलें नुकसान भरून दिलें कसें, हें ज्यांत आहे तेंच पुस्तक मुलाच्या उपयोगाचें. आणखी एक कसोटी आम्ही महत्त्वाची मानतों. आमच्या बांकांवर निरनिराळ्या धर्मांचीं मुलें शेजारीं शेजारीं बसतात. ज्या पुस्तकानें शेजाऱ्याच्या धर्माविषयीं तिरस्कार उपजेल, तें ख्रिस्ती नांवाचें असलें तरी ख्रिस्ती चारित्र्याचें नव्हे.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, पुस्तक देण्यापूर्वीं तें स्वतः वाचावें. रात्रीं जेवणानंतर त्यांतलीं चार पानें मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावीं, आणि त्यानें विचारलेल्या प्रश्नास "गप्प बैस" हें उत्तर देऊं नये. मुलगा सत्यावरचा धडा वाचीत असतां दारीं कोणी यावें, आणि बापानें हळूच सांगावें, "मी घरीं नाहीं म्हणून सांग," असें झालें तर आमच्या बक्षिसाचा कांहीं उपयोग नाहीं. छापील पुस्तक मुलगा कधीं तरी वाचतो. आईबापांचें वर्तन तो रोज वाचीत असतो. त्यांतही चूक होणारच. ती झाल्यास "माझें चुकलें" असें त्याच्यासमोर म्हणण्याचें धैर्य आपणांस असावें.