लिओपोल्ड त्यांचं, परमिट रूम आपली!

हापिसातली मंडळी वीकांताला मुंबईला जाऊन आली की फोटो ठरलेले. गेटवे, ताज आणि लिओपोल्डच्या भिंतीतली गोळ्यांची भोकं. मग सोमवारी जेवताना सुस्कारे, "यार, असा जुना पब आपल्याकडे का नाही?" मी पडलो शिरूरचा. हा प्रश्न ऐकला की माझं डोकं सटकतं. अरे, तुम्ही होऊ दिलात का?

लिओपोल्डचंच बघा. १८७१ साली इराण्यांनी कुलाब्यात काढलं, तेही खाद्यतेलाचं घाऊक दुकान म्हणून. पुढे रेस्टॉरंट, मधल्या काळात किरकोळ दुकान, औषधांचं दुकानसुद्धा! २००३ मध्ये 'शांताराम' कादंबरी आली आणि जगभरचे लोक पत्ता शोधत यायला लागले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी आत गोळ्या झाडल्या, माणसं मेली. थोड्याच दिवसांत दार पुन्हा उघडलं. ही जागा टिकली, कारण ती फक्त दारू प्यायची जागा नव्हती. दारूबंदीत बार मरतो, हॉटेल मरत नाही.

आणि दारूबंदी काही थोडीथोडकी नव्हती. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, १९५० पासून मोरारजीभाईंच्या कडक शिस्तीत अंमल. साठच्या दशकात वसंतराव नाईकांच्या सरकारने दोर सैल सोडला, पण कायदा तसाच ठेवला. त्यातून जन्माला आली आपली परमिट रूम. म्हणजे कसं, दारू बंदच आहे बरं का, फक्त तुमच्याकडे परवाना असेल तर ह्या खोलीत बसून प्या. परवाना कशासाठी? आरोग्य राखण्यासाठी! हसू नका, परवान्यावर खरंच तसं लिहिलेलं असतं. आजही महाराष्ट्रात कायद्याने प्यायला परवाना लागतो. तुमच्यापैकी किती जणांकडे आहे? (हात वर करू नका, एक्साइजवाले वाचत असतील.)

ज्या धंद्याला सरकार चोरी समजतं तो चोरासारखाच दिसणार. काळ्या काचा, लाल बल्ब, भिंतीकडे तोंड करून बसलेली गिऱ्हाइकं. बाईमाणूस आत नाही, पोरंबाळं नाहीत, उजेड नाही. तिथे कोण आठवणी जपणार?

इथवर गंमत. खरा राग पुढे आहे. आमच्याकडे बाजारपेठेत ओळखीचं कोणीतरी बघेल म्हणून माणूस गावात पीत नाही. तो पुणे-नगर रस्त्यावर जातो. दौंडवाला पाटस नाहीतर कुरकुंभच्या बाजूला सोलापूर हायवे गाठतो. पितो, आणि रात्री अकराला ट्रकच्या रांगेतून दुचाकीवर घरी येतो. किंवा येत नाही. रांजणगाव नि कुरकुंभच्या एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट सुटते ती याच सुमाराला आणि याच रस्त्यांवर. म्हणजे न पिणाराही मधे सापडतो.

सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायला सांगितली. रोग बरोबर ओळखला होता. पण १ एप्रिल २०१७ ला अंमल सुरू होतो न होतो तोच जुलैत शहरांच्या हद्दीतल्या रस्त्यांना सवलत मिळाली, पुढच्या वर्षी ग्रामपंचायतींचा निर्णयही राज्यांवर सोपवला गेला. बार गावात यायला हवा होता. आला नाही, कारण गावाला तो नको आहे.

आणि गावातल्या बायकांना तो का नको आहे, हे मला पूर्ण पटतं. वॉर्डातल्या पुरेशा महिला मतदारांनी कौल दिला तर दुकान बंद करता येतं, तीच ती 'आडवी बाटली'. ज्या काळ्या काचेमागे पगार गायब होतो तिला त्यांनी का मत द्यावं? मीही आडवीच केली असती. पण दुकान आडवं झालं तरी पिणारा उभाच असतो, फक्त चार किलोमीटर लांब.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. ते आरोग्याचं परमिट आधी रद्द करा. मग परवाना अशाच हॉटेलला द्या जिथे काच पारदर्शक आहे, जेवण मिळतं, बायको शेजारी बसू शकते आणि घर चालत गाठता येतं. हायवेवर नवीन परवाना एकही नको. गाव बिघडेल म्हणणाऱ्यांनी एखाद्या शनिवारी रात्री साडेदहानंतर शिरूरच्या बाहेर, नगर रोडच्या कडेला, अर्धा तास उभं राहावं. हेल्मेट घालून.