तू हे वाजवतोस?

"तू हे वाजवतोस?"

दिसायला प्रश्न आहे, पण खरं तर तो निकाल असतो. गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी ऐकलेला असतो. दुर्दैव हे की दीड महिन्यापूर्वी, शनिवारी रात्री, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर हे वाक्य मीच बोललो.

तर झालं असं. आम्ही चारपाच जण, सगळे आयटीवाले, शनिवारी गच्चीवर गिटारी घेऊन बसतो. त्यातला एक अगदी नवा. आठ महिने झाले असतील शिकायला लागून. त्या दिवशी त्याने 'अश्विनी ये ना' वाजवलं. 'गंमत जंमत'मधलं, 1987 सालचं, किशोरकुमारने चक्क मराठीत गायलेलं. पठ्ठ्याने दोन आठवडे बसून कॉर्ड स्वतः शोधले होते, कुठे न बघता, नुसतं ऐकून. आणि मी काय म्हटलं? वर लिहिलंय तेच. सगळे हसले. तोही हसला.

पुढच्या शनिवारी त्याचं 'रिलीज' होतं. त्याच्या पुढच्याही. मग एकदा लिफ्टमध्ये भेटला. विचारलं, तर म्हणाला, "गिटार ना? माळ्यावर टाकली रे. तसंही आपलं काम नाही ते."

तेव्हापासून डोकं भणभणतंय. म्हणून हा लेख.

मंडळी, आपण गिटारवाल्यांनी आवडीनिवडींची एक उतरंड रचून ठेवलीय. सगळ्यात वर जॅझ आणि प्रोग्रेसिव्ह मेटल (आपल्यापैकी कुणालाही ते वाजवता येत नाही, म्हणून जास्तच आदर). खाली फ्लॉइड आणि मेटॅलिका. मग ब्लूज. मग लकी अली आणि 'पुरानी जीन्स', म्हणजे हॉस्टेलची गाणी, ती माफ असतात. त्याखाली हिंदी सिनेमा. आणि मराठी? ते उतरंडीत नसतंच, ते गणपतीत वाजवायचं असतं.

ही उतरंड रचली कशावर, ते कुणी सांगेल का?

"ती गाणी कठीण असतात, ही सोपी," हे नेहमीचं उत्तर. काय सांगता! 'नथिंग एल्स मॅटर्स'चे सुरुवातीचे स्वर मोकळ्या तारांवर वाजतात. तेवढ्यापुरता डाव्या हातात चहाचा कप धरला तरी चालेल. बारा बारचा ब्लूज मूळ रूपात तीन कॉर्डांवर उभा असतो. हिंदी गाण्यात तीन कॉर्ड असले की ते 'बाळबोध', आणि ब्लूजमध्ये तेच तीन असले की ते 'फील'? मला ही दोन्ही आवडतात, जीव जाईल इतकी आवडतात. पण कठीण-सोपं हा आपला निकष कधीच नव्हता. आपल्याला फक्त कसं दिसायचंय एवढाच तो होता.

दुसरं उत्तर, "गिटार मुळात त्यांचं वाद्य." बरं. मग 'दम मारो दम'च्या सुरुवातीची ती गिटार कुणी वाजवली? भूपिंदर सिंग यांनी, 1971 च्या सिनेमात. होय, तेच गझलवाले. आणि 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसादांची बासरी यांच्या बरोबरीने ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आहे, रागदारी वाजवणारी. इतकी वर्षं झाली, तरी आपण अजून परवानगी कुणाकडे मागतोय?

पण माझं खरं भांडण वेगळंच आहे. ही उतरंड आपले कान मारते.

आपल्या भाषेत सांगतो. टॅब बघून वाजवणं म्हणजे इंटरनेटवरून कोड उचलून चिकटवणं. चालतं, पण का चालतं ते कळत नाही आणि बिघडलं की आपण ठार. ऐकून कॉर्ड शोधणं म्हणजे स्वतः डीबग करणं. त्यासाठी गाणं कानात आधीपासून मुरलेलं लागतं. कुठे वळतं, कुठे थांबतं, हे झोपेतही माहीत असावं लागतं. अशी गाणी आपल्याकडे कोणती असतात? आईने स्वयंपाक करताना लावलेली, एसटीत ऐकलेली, लग्नाच्या वरातीतली. तीच तुम्ही 'हे काय वाजवतोस' म्हणून काढून घेतलीत, की शिकणाऱ्याच्या हातात उरतो फक्त टॅब. मग तो वर्षभर बोटांच्या जागा पाठ करतो, एफचा बार कॉर्ड बसेना म्हणून रडतो आणि शेवटी गिटार माळ्यावर.

कुणी म्हणेल, मग आयुष्यभर तेच वाजवायचं का? आवड वाढायला नको? हवी ना! पण ती कशी वाढते ते आठवा. मला फ्लॉइड दिला तो हॉस्टेलमधल्या एका सीनियरने. इअरफोनचा एक तुकडा स्वतःच्या कानात, दुसरा माझ्या कानात, आणि म्हणाला, "बस, ऐक." मी आधी काय ऐकत होतो हे त्याने विचारलंही नाही. आवड अशी वाटून वाढते. हसून वाढलेली मी तरी पाहिलेली नाही.

असो. गेल्या रविवारी मी त्याच्या फ्लॅटवर गेलो. सॉरी म्हटलं, आणि म्हटलं, ते गाणं शिकव मला. त्याने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग स्टूल आणलं. गिटार खाली आली. दोन तारा गंजल्या होत्या. मी सुरू केलं, तर दुसऱ्याच ओळीला त्याने थांबवलं. "हा कॉर्ड नाही. नीट ऐक." तीनदा थांबवलं. आठ वर्षं वाजवतोय मी. तो आठ महिने.

येत्या शनिवारी येणार का, ते त्याने अजून सांगितलेलं नाही. पण आला किंवा नाही आला, तरी गच्चीवर आता एक नियम आहे. दर आठवड्याला एकाने आपलं गाणं आणायचं, बाकीच्यांनी ते कान देऊन शिकायचं. कुठलंही गाणं. आणि ते तीन शब्द जो उच्चारेल, त्याच्याकडून सगळ्यांना वडापाव.

पहिले वडापाव मी दिलेत. :)