कुलूप की भरपाई?

बँकेत एका खात्यातून १०० रुपये वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर संगणक पहिली नोंदही रद्द करतो. व्यवहार पुरा व्हावा, नाहीतर मुळीच होऊ नये, हा तेथील दंडक. तोवर त्या नोंदींना कुलूप! काम क्षणाचे, म्हणून कोणाचा खोळंबा होत नाही.

परंतु अनेकांनी मिळून दिवसेंदिवस करावयाच्या कामासही हाच दंडक लावणे मला अन्यायाचे वाटते. गतवर्षी या अंकाची मुद्रणप्रत संगणकावर एका मित्राच्या नावे अडकली आणि तो तापाने आजारी पडला. कुलूप मोडावे, तर त्याचे श्रम वाया जाणार! तीन दिवस आम्ही पाच जण हात बांधून बसलो.

हेक्टर गार्सिया-मोलिना व केनेथ सेलम यांनी १९८७ साली ‘सागा’ ही पद्धत मांडली. दीर्घ कामाचे टप्पे पाडावे, टप्पा संपताच कुलूप काढावे, आणि पुढे काम फसल्यास झालेल्या टप्प्यांची उलट क्रमाने भरपाई करावी. आगगाडीचे तिकीट मिळाले, पण उतरण्यास जागा मिळाली नाही, तर तिकीट रद्द करावे, तसेच हे. रद्द करताना थोडे पैसे कापले जातात; भरपाई म्हणजे पूर्वस्थिती नव्हे. शिवाय अर्धवट काम इतरांच्या दृष्टीस पडते. तेवढा धोका सहकार्यासाठी पत्करावा, असे माझे मत आहे.

मात्र छापून वाटलेला अंक परत घेता येत नाही. म्हणून यंदा प्रत्येक लेख आम्ही स्वतंत्र ठेवला, आणि छापखान्याची पायरी सर्वांत शेवटी.