उत्तर मराठीत, प्रश्न परभाषेत

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत उमेदवाराला मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात, मुलाखत मराठीत देता येते आणि मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो. मग भाषेच्या नावाने तक्रार कसली, असा सवाल राजधानीतील प्रशासकीय वर्तुळात हमखास केला जातो. तक्रार साधी आहे. उत्तर मराठीत देण्याची मुभा आहे. पण भाषाविषयक पेपर वगळता प्रश्न मराठीत विचारला जात नाही. प्रश्नपत्रिका निघते ती हिंदी आणि इंग्रजीतच.

या भेदाचे मोल पूर्वपरीक्षेत कळते. 2023 च्या परीक्षेसाठी 10,16,850 अर्ज आले, 5,92,141 उमेदवार पूर्वपरीक्षेला बसले आणि त्यातून 14,624 जण मुख्य परीक्षेस पात्र ठरले. म्हणजे दर शंभरांतील सत्त्याण्णवांहून अधिक उमेदवार पहिल्याच दारातून परत फिरले. या टप्प्यावर उत्तर लिहायचे नसते, चार पर्यायांतून निवडायचे असते. त्यामुळे मराठी माध्यमाची सवलत येथे लागूच होत नाही. सामान्य अध्ययनाच्या पेपरात दोन तासांत शंभर प्रश्न सोडवायचे, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जाणार आणि ‘पुढीलपैकी कोणते विधान बरोबर नाही’ हे परभाषेत वाचून समजून घ्यायचे, अशी ही कसोटी आहे. हिंदी भाषक विद्यार्थी ती स्वतःच्या भाषेत देतो. मराठी विद्यार्थ्याला निदान लिपी ओळखीची असते. तमिळ वा ओडिया विद्यार्थ्याला तेवढाही आधार नाही. मातृभाषेचा हक्क मुख्य परीक्षेत मिळतो खरा, पण तेथवर पोहोचल्यावर. येथेच घोडे पेंड खाते.

वस्तुतः या बाबतीत संसदेने आपला शब्द केव्हाच दिला आहे. दोन्ही सभागृहांनी संमत केलेला आणि जानेवारी 1968 मध्ये अधिसूचित झालेला राजभाषा ठराव सांगतो की, अखिल भारतीय व उच्च केंद्रीय सेवांच्या परीक्षांना आठव्या अनुसूचीतील सर्व भाषा आणि इंग्रजी ही पर्यायी माध्यमे असावीत. तपशील आणि वेळ लोकसेवा आयोगाचे मत घेऊन ठरवायची होती. त्यानंतर दौलतसिंह कोठारी समितीचा अहवाल 1976 मध्ये आला आणि 1979 पासून मुख्य परीक्षेत ही माध्यमे उपलब्ध झाली. मात्र ‘माध्यम’ या शब्दाचा अर्थ उत्तरपत्रिकेपुरताच घेतला गेला.

ठराव संसदेने करावा आणि अंमलबजावणी प्रशासनाच्या सवडीने व्हावी, ही परंपरा स्वातंत्र्याहून जुनी आहे. सनदी सेवेची परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव ब्रिटिश कॉमन्स सभेने 1893 मध्ये केला. दादाभाई नवरोजी तेव्हा त्या सभागृहात होते. प्रत्यक्षात अलाहाबादेत परीक्षा सुरू व्हायला 1922 उजाडले. अंतराची भिंत पाडायला तेव्हा 29 वर्षे लागली. भाषेची भिंत 1968 पासून अर्धवट उभीच आहे.

अलीकडच्या घडामोडींचा धडाही बोलका आहे. 2011 मध्ये पूर्वपरीक्षेत कल चाचणीचा, म्हणजे ‘सीसॅट’चा पेपर आला. मार्च 2013 मध्ये मुख्य परीक्षेतील प्रादेशिक माध्यमांवर अटी घालणारी अधिसूचना निघाली. संसदेत गदारोळ होताच ती स्थगित करावी लागली. 2014 मध्ये ‘सीसॅट’विरोधात दिल्लीच्या मुखर्जीनगरात हिंदी भाषक विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा इंग्रजी आकलनाचे गुण गुणवत्तेसाठी न धरण्याची घोषणा सरकारने केली आणि 2015 पासून तो पेपर केवळ 33 टक्क्यांच्या पात्रतेपुरता उरला. दबाव आला तेथे व्यवस्था नमली. पण तो झगडा मुख्यतः हिंदी विरुद्ध इंग्रजी असा झाला. इतर भाषांतील प्रश्नपत्रिकेचा मुद्दा त्या गलक्यात मागे पडला.

आक्षेप आहेत आणि ते फेटाळण्याजोगे नाहीत. इतक्या भाषांत अचूक भाषांतर, गोपनीयता आणि सर्वांना समान काठिण्यपातळी राखणे सोपे नाही. देशभर काम करणाऱ्या अधिकाऱ्याला इंग्रजी यायला हवे, हेही रास्तच. परंतु त्यासाठी मुख्य परीक्षेत इंग्रजीचा स्वतंत्र अनिवार्य पात्रता पेपर आहेच. तो काढा, अशी मागणी येथे नाही. राहिला प्रश्न व्यवहार्यतेचा. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ 2017 पासून मराठीतही होते आणि 2024 मध्ये ती 20 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. केंद्रीय कार्यालयांतील मल्टी टास्किंग कर्मचाऱ्यांची परीक्षा हिंदी-इंग्रजीखेरीज 13 भाषांत घेण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांतील शिपाईभरतीलाही 2024 पासून तीच सोय मिळाली. या दोन्ही यादींत मराठी आहे. शिपायाला जे देता येते ते जिल्हाधिकाऱ्याला का देता येऊ नये, याचे उत्तर तांत्रिक अडचणीत सापडत नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा राजधानीत पेढे वाटले गेले. तो सन्मान होता. प्रश्नपत्रिका हा व्यवहार आहे आणि भाषा जगते ती व्यवहारात. महाराष्ट्राचे लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 सदस्य आहेत. सगळ्या भाषा एकाच वर्षी नकोत. निदान पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका टप्प्याटप्प्याने अनुसूचीतील भाषांत आणण्याचा कालबद्ध कार्यक्रम सरकार व आयोगाकडून त्यांना मागता येईल. त्यासाठी नवा कायदा नको, नवा ठरावही नको. 1968 च्या ठरावाचे उरलेले अर्धे काम पुरे करायचे आहे. दिल्लीच्या भाड्याच्या खोल्यांत उमेदीची वर्षे खर्ची घालणाऱ्या मराठी मुलांना कोणाची मेहेरबानी नको आहे. प्रश्न नीट कळावा, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. उत्तर त्यांचे ते देतील.