विश्लेषण : बॅडमिंटन दुहेरीत जेतेपद दोघांचे, मग कमाई निम्मीच का?

पनवेल-खारघर पट्ट्यातल्या कोणत्याही बॅडमिंटन हॉलमध्ये संध्याकाळी डोकावले, तर कोर्टवर चौघे दिसतात. तासाचे भाडे चौघांत वाटले जाते, हे साधे कारण. पण मुलाला किंवा मुलीला व्यावसायिक खेळाडू करायचे ठरले, की बहुतेक पालक एकेरीच धरतात. गोरेगावात उदय पवार यांच्या अकादमीत घडलेल्या चिराग शेट्टीने सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या साथीने हे गणित कितपत बदलले?

पैशांचे गणित काय?

जागतिक मालिकेतील मोठ्या (सुपर ७५० आणि सुपर १०००) स्पर्धांमध्ये एकूण बक्षीस रकमेच्या ७ टक्के एकेरीच्या विजेत्याला मिळतात, तर दुहेरीच्या विजेत्या जोडीला ७.४ टक्के. जून २०२३ मध्ये सात्विक-चिराग यांनी इंडोनेशिया ओपन जिंकली. तिथे एकूण बक्षीस साडेबारा लाख डॉलर होते. एकेरीच्या विजेत्याचा वाटा ८७,५०० डॉलर, जोडीचा ९२,५००. म्हणजे प्रत्येकी ४६,२५०. विमानाचे तिकीट, फिजिओ, प्रशिक्षक यांचा खर्च मात्र निम्मा होत नाही.

जोखीमही दुहेरी

क्रमवारीचे गुण जोडीच्या नावावर असतात. जोडीदार बदलला, की नव्या जोडीला क्रमवारीत जागा नव्याने कमवावी लागते. मार्च २०२५ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेत चिरागची पाठ दुखावली आणि सामना अर्धवट सोडावा लागला. सात्विक तंदुरुस्त असून बाहेर. एकेरीच्या खेळाडूला स्वतःचीच दुखापत सांभाळायची असते, इथे दोघांची.

त्यात नशीबही आडवे येते. टोक्यो ऑलिम्पिकमध्ये या जोडीने तीनपैकी दोन सामने जिंकले, पुढे सुवर्णपदक मिळवणाऱ्या तैवानच्या जोडीलाही हरवले, तरी गटातच गारद झाली. पॅरिसमध्ये मलेशियाच्या आरोन चिया-सोह वुई यिक यांनी त्यांना उपांत्यपूर्व फेरीत रोखले.

मग मिळाले काय?

भरपूर. २०२२ मध्ये थॉमस चषक, राष्ट्रकुल सुवर्ण आणि जागतिक कांस्य. २०२३ मध्ये आशियाई विजेतेपद. १९६५ मध्ये दिनेश खन्ना यांनी एकेरीत जिंकल्यानंतर भारताला ते प्रथमच मिळाले. त्याच वर्षी हांगझोऊत आशियाई क्रीडा सुवर्ण आणि ऑक्टोबरात जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. पुढे खेलरत्न, आणि २०२५ मध्ये आणखी एक जागतिक कांस्य.

तरीही जुलै २०२४ मध्ये, राज्य सरकारने टी-२० विश्वविजेत्या क्रिकेट संघासाठी ११ कोटी रुपये जाहीर केले, तेव्हा थॉमस चषकाची दखल घेतली गेली नाही, अशी खंत चिरागने जाहीरपणे मांडली. त्या संघात महाराष्ट्राचा तो एकटाच होता. खंत रास्तच होती.

पनवेलच्या मुलांसाठी याचा अर्थ काय?

पैशांपेक्षा मोठी अडचण जोडीदाराची आहे. सात्विक आणि चिराग दोघेही मागच्या कोर्टवरून स्मॅश मारणारे. मलेशियन प्रशिक्षक तान किम हर यांनी त्यांना एकत्र आणले आणि एकेकाला नेटजवळ खेळायला शिकावे लागले. मुंबईचा एक, आंध्रातल्या अमलापुरमचा दुसरा. रोज एकाच कोर्टवर उभे राहण्यासाठी दोघांनाही घर सोडून हैदराबाद गाठावे लागले.